पान कोणते?

यंदाच्या भीमजयंतीला आमच्या वस्तीतल्या एका मुलीने खणखणीत भाषण केले. टाळ्या पडल्या. नंतर आम्ही विचारले, "बाळ, बाबासाहेबांचे ते वाक्य कुठल्या ग्रंथातले?" ती म्हणाली, "काका, मोबाईलवर आले होते." आम्ही खंड चाळले. वाक्य सापडले नाही.

दोष मुलीचा नाही. तिला अस्सल ग्रंथ कोणी दाखवलाच नाही. आणि तो आता फुकट मिळतो!

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडरूपाने काढली. वसंत मून यांनी त्यासाठी अपार कष्ट उपसले. हे इंग्रजी खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. १९३६ चे 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' पहिल्याच खंडात आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्यानेही हा ग्रंथ टिपांसह सर्वांना खुला केला आहे. इतर विषयांसाठी मराठी विश्वकोश आहे. तोही संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो.

शिक्षक व ग्रंथपाल बंधुभगिनींना विनंती, हे खंड शाळेच्या संगणकावर एकदाच उतरवून ठेवा. मग नेट नसले तरी अडणार नाही. मुलांना वाक्याखाली खंड व पान लिहायला लावा. पान सापडले नाही, तर ते वाक्य बाबासाहेबांच्या नावावर घालू नका.

आईबापांनो, इंग्रजी येत नसेल तरी एवढे विचाराच, "पान कोणते?" ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, हे तथागतांनी कालामांना सांगितलेच आहे.

जयभीम!