जुन्या लेथवरचा विश्वास

बंगळुरूत 1953 साली स्थापन झालेल्या एचएमटी (हिंदुस्तान मशीन टूल्स) कंपनीचे लेथ आजही अनेक छोट्या वर्कशॉपमध्ये फिरत आहेत. कारागीर ते सोडत नाहीत, याला केवळ जुन्याचा मोह म्हणणे अन्यायाचे आहे. वाईट यंत्रे केव्हाच भंगारात गेली आणि चांगली तेवढीच उरली, हा आक्षेप खरा आहे. अचूकतेत आणि वेगात सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्र, कितीतरी पुढे आहे, हेही मान्य. पण प्रश्न दुरुस्तीचा आहे. जुन्या लेथचा बिडाचा बेड झिजला तर ग्राइंडिंग आणि स्क्रॅपिंग करून पुन्हा सरळ करता येतो. बुश, गिअर जवळचा फिटर बनवून देतो. याउलट स्वस्त नव्या लेथमध्ये वजन वाचवले जाते, ओतीव बिडातला ताण पुरता जिरू दिला जात नाही, मग बेड हळूहळू वाकतो. सीएनसीचे कंट्रोल कार्ड जळले आणि त्याचे उत्पादन बंद झालेले असले, तर धडधाकट यंत्र कोपऱ्यात पडून राहते. म्हणून नवे यंत्र जरूर घ्या, पण सुटे भाग किती वर्षे मिळतील हे आधी करारात लिहून घ्या.