उद्याचे भाकीत नव्हे, आजचा ताळा

जयपूरच्या जंतरमंतरमध्ये ‘राशिवलय’ नावाचा बारा यंत्रांचा समूह आहे. तेथे येणारे पर्यटक आधी आपल्या राशीचे यंत्र शोधतात आणि त्याजवळ उभे राहून छायाचित्र काढून घेतात. आपल्याविषयी कोणीतरी काही सांगावे, ही माणसाची जुनीच ओढ आहे. टॅरो कार्डांचे आकर्षण याच ओढीतून आलेले आहे.

येथील माझ्या परिचयाच्या एक मराठी भगिनी रोज सकाळी एक कार्ड उचलतात आणि त्याखाली वहीत दोन ओळी लिहितात. पतीच्या निधनानंतर त्यांना ही सवय जडली. एकदा ‘एकांतवासी’ हे कार्ड आले. त्यांनी लिहिले, “आज धाकट्या बहिणीला फोन करायचा.” रात्री त्यापुढे ‘केला’ अशी खूण होती. ती वही पाहून माझा पूर्वग्रह गळून पडला. दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय आम्ही बँकेतून बाहेर पडत नाही. मनाचा ताळा मात्र वर्षानुवर्षे पाहत नाही. कार्डाच्या निमित्ताने कोणी तो रोज पाहत असेल, तर त्याला हसण्याचे कारण नाही.

मुळात टॅरो हा पंधराव्या शतकातील उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ. त्यात ७८ पाने असतात. त्यावरून भविष्य सांगण्याची प्रथा अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रूढ झाली. आपल्या सावंतवाडीची १२० पानांची दशावतारी गंजिफाही खेळासाठीच रंगविली गेली. पानावर चित्र असते; अर्थ पाहणाऱ्याच्या मनातून येतो.

याचा विसर पडला, की धोका सुरू होतो. त्याच भगिनींनी एके दिवशी विचारले, “आज ‘भाग्यचक्र’ आले आहे. मुदत ठेव मोडून ते पैसे शेअर्समध्ये घालू का?” मी साधे गणित मांडले. ७८ पानांतून रोज एक उचलले, तर प्रत्येक पान सरासरीने वर्षातून चार-पाच वेळा येणारच. तितक्या वेळा ठेव मोडावयाची काय? त्या हसल्या. मग आम्ही त्यांचा मासिक खर्च, औषधपाणी आणि जोखीम पेलण्याची ताकद यांचा हिशेब केला. ठेव कायम राहिली.

जंतरमंतरमधील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची सावली दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ दाखविते. परंतु ती वेळ जयपूरची स्थानिक सौरवेळ असते. घड्याळाशी जुळविण्यासाठी तीत दुरुस्ती करावी लागते. कार्ड पाहतानाही विवेकाची अशी दुरुस्ती हवी. सकाळी मन कोणत्या दिशेला झुकले आहे, एवढेच कार्डाच्या निमित्ताने कळते; पुढचा निर्णय आपला.

‘उद्या सारे चांगले होईल’ या अपेक्षेला मी आशावाद म्हणणार नाही. ‘आज माझ्या हातून एक चांगले काम होऊ शकते’ हा विश्वास म्हणजे आशावाद. तो कार्डाने जागविला तरी चालेल, नुसत्या कोऱ्या वहीने जागविला तरी चालेल. रात्री मात्र त्या कामापुढे ‘केले’ अशी खूण पडली पाहिजे.