यादीत नसलेल्या डोंगराचे काय?

मा. मुख्यमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य



विनोबांच्या जन्मगावातून लिहीत आहे. भूदानाचा गौरव आपल्या भाषणांत असतोच, म्हणून जमिनीविषयीच विचारतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच सांगितले. हा खुलासा समजायचा की कबुली? त्याआधी २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळीये दरडीखाली गेले. दर वेळी सर्वेक्षणाचे आश्वासन मिळाले. मग ही यादी माणसे गेल्यावरच का वाढते?

आमच्या भागात पावसाळा सरला की जेसीबी येतो. डोंगराचा पायथा उभा कापला जातो, लाल माती पसरून सपाटी होते, फक्कीच्या रेघा पडतात. पऱ्यात एक सिमेंटचा पाइप टाकायचा आणि वरून रस्ता न्यायचा. एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम नको, हे आपल्याच नियमावलीत आहे. पण प्लॉट सपाट करून दाखवला की नियम पाळल्यासारखा होतो. वरून येणारे पाणी कुठे जाणार, हे चतुःसीमेत लिहिलेले नसते. एका रात्रीत कोसळणारा आताचा पाऊस त्या पाइपात मावेल, असे कोणत्या अधिकाऱ्याने सही करून सांगितले आहे?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे तयार आहेत. बांधकाम परवानगीच्या फायलीत ते सक्तीचे का नाहीत? पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे २०१४ ते २०२४ या काळात सहा मसुदे निघाले. ते केंद्राचे काम, हे उत्तर ठाऊक आहे. पण गावे वगळण्याचा आग्रह मुंबईतूनही झाला, हे आपण जाणताच.

याउलट उरण, पनवेल आणि पेणमधल्या १२४ गावांसाठी नवनगराचे प्राधिकरण २०२४ मध्ये नेमले गेले, तेव्हा मसुद्यांवर दहा वर्षे गेली नाहीत. त्यासाठी खारेपाटात भराव पडल्यावर उधाणाचे पाणी कोणाच्या शेतात शिरणार?

हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येच, माळढोकच्या खटल्यात, मान्य केला आहे. तेव्हा प्रादेशिक योजना गटनंबरांऐवजी पाणलोटावर कधी बेतणार, आणि पायथा कापण्याला परवानगी देणारा अधिकारी जबाबदार कधी धरला जाणार, एवढे लेखी कळवावे.

हे पत्र ‘पुढील कार्यवाहीस्तव’ तहसीलदारांकडे धाडू नये, ही विनंती. तिथून ते तलाठ्याकडे येते, आणि तलाठी आम्हालाच विचारतात.

आपला,
एक ग्रामस्थ
गागोदे बुद्रुक, ता. पेण, जि. रायगड