कोचीचा बिल्ला

स्टेशनावरच्या हमालाच्या दंडाला पितळी बिल्ला असतो. त्यावर त्याचा नंबर असतो आणि त्या नंबराच्या जोरावर तो फलाटावर ताठ मानेने उभा राहतो. केरळात कोची बंदरावरही एके काळी असाच धातूचा बिल्ला होता. त्याला तिथे 'चाप्पा' म्हणत. तो मात्र कोणाच्याही नावाचा नव्हता.

बोटीवर माल चढवायचा-उतरवायचा असला की पहाटे शेकडो माणसे जमत. मुकादम मूठभर बिल्ले गर्दीत फेकी. ज्याच्या हाती बिल्ला लागेल त्याला त्या दिवसाचे काम! बाकीचे रिकाम्या हाताने घरी. बिल्ल्यासाठी मातीत लोळण, ढकलाढकली, भावाभावांत मारामारी. मालकाला हेच हवे होते. आपसात भांडणारा कामगार मजुरी वाढवून मागत नाही.

फेडरेशनच्या कामासाठी एर्नाकुलमला जाणे झाले, तेव्हा बोटीने पलीकडे फोर्ट कोची आणि मट्टनचेरी पाहिली. इथे १५०३ साली पोर्तुगीजांनी किल्ला बांधला, १६६३ साली डच आले, १७९५ साली इंग्रज. मालक बदलले, मिरी, सुंठ, काथ्या वाहणारी पाठ तीच राहिली. रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअराने १९२० पासून खाडीच्या तोंडाचा वाळूचा बांध खोदून मोठ्या बोटींना वाट केली आणि गाळाच्या भरावातून विलिंग्डन बेट उभे केले. २६ मे १९२८ रोजी आत शिरलेली पहिली बोट 'पद्मा' आपल्या मुंबईहूनच गेली होती. पुढे बेटावर रेल्वे पोचली, हार्बर टर्मिनस झाले. बंदर आधुनिक झाले, पण कामगार बिल्ल्यासाठी मातीतच लोळत होता.

गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा १९४८ साली झाला होता. कोचीत तो कागदावरच राहिला. चाप्पा बंद करा, या मागणीसाठी मट्टनचेरीचे कामगार रस्त्यावर उतरले. १५ सप्टेंबर १९५३ रोजी पोलिसांनी गोळीबार केला. या लढ्यात सैद, सैदलवी आणि अँटनी या तिघा कामगारांचे प्राण गेले. त्यानंतरही काही वर्षे झुंजावे लागले, तेव्हा कुठे डॉक लेबर बोर्ड आले, नावनोंदणी झाली, पाळीने काम मिळू लागले.

आज फोर्ट कोचीत पर्यटकांची रीघ आहे. मसाल्याच्या जुन्या वखारींत हॉटेले, दुकाने आहेत. अॅस्पिनवॉल हाऊसमध्ये २०१२ साली मोठे कलाप्रदर्शन भरले आणि जगभर नाव झाले. गावाला रोजगार मिळतो, त्याचा आनंदच आहे. २०११ साली वल्लारपाडमला कंटेनर टर्मिनल सुरू झाले. तिथे जाणारा साडेचार किलोमीटरहून लांब रेल्वे पूल त्या वेळी देशात सर्वांत मोठा होता. तो आपल्याच बांधवांच्या घामातून उभा राहिला. कंटेनरचे काम क्रेनकडे गेले, माणसे कमी लागू लागली.

बंधूंनो, चाप्पा गेला असे समजून स्वस्थ बसू नका. डबे धुणारा, चादरी वाटणारा कामगार ठेकेदाराचा. ठेका बदलला की त्याची भाकरी बदलते. गावोगाव टपाल पोचवणारा ग्रामीण डाक सेवक आजही नियमित सेवेत धरला जात नाही. शहरात मोबाईलवर ऑर्डरची वाट पाहणारा तरुण तर रोज सकाळी त्याच गर्दीत उभा आहे. आता बिल्ला फेकणारा हात दिसत नाही, एवढाच फरक.

आपल्याला पेन्शन, पास, रजा आहे. ती कोणी दान केलेली नाही. आपल्या शेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी कामगाराला आपल्या शाखेचा सभासद करून घ्या. त्याचा प्रश्न पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणा. एकाच्या हाती बिल्ला आणि दहा रिकाम्या हाताने, हे मट्टनचेरीच्या कामगारांनी मान्य केले नाही. आपणही करू नये.