निकालाची नक्कल

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या घरोघरीं इतकी मुरली आहे कीं, ती खरी किती व खोटी किती, हें तपासण्याच्या भरीस कोणी पडत नाहीं. वादी अथवा आरोपी म्हणून ती पायरी चढण्याचा प्रसंग कोणावरही न येवो, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु त्या पायरीचा आणखीही एक उपयोग आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळें कित्येक सज्जनांच्या हातून नकळत अन्याय घडतो. न्यायालयानें जें लिहून ठेविलें, त्याची नक्कल मागण्यासाठीं चढलेली पायरी ही शहाणपणाचीच होय. या महिन्यांत हा विषय निवडण्याचें कारण आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत नुकतेंच घडलें.

चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाचा तालुका. एका अंगास बेळगांव, दुसऱ्या अंगास तिलारीचा घाट आणि त्याखालीं कोंकण व गोमंतक. पावसाळा असा कीं, चार महिने छत्री वाळत नाहीं. तेथील एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या कन्येचा विवाह ठरला होता. मुलगा त्याच तालुक्यांतला, शिकलेला, पुण्यास नोकरीवर असलेला. पत्रिका जुळली, छत्तीसांपैकीं अठ्ठावीस गुण उतरले, साखरपुडाही झाला. अशांत एका दूरच्या आप्तानें शिक्षकांच्या मोबाईलवर एक कागद धाडला. कांहीं वर्षांपूर्वीं पोलिस ठाण्यांत नोंदलेली ती प्रथम खबर होती, आणि तींतील आरोपींच्या यादींत भावी जांवयाचें नांव होतें. शेताच्या बांधावरून झालेला तंटा, दुसऱ्याच्या शेतांत शिरणें, हातापायीं, शिवीगाळ, असा मजकूर होता.

घरांत जणूं सुतक आलें. मातोश्रींनीं अन्न वर्ज्य केलें, आणि शिक्षकमहाशय नकाराचें पत्र लिहावयास बसले. त्या वेळीं मुलीची आत्या घरीं होती. बेळगांवीं एका वकिलांच्या कचेरींत या बाईंनीं अनेक वर्षें लेखनिकाचें काम केलेलें. त्या भावास म्हणाल्या, “दादा, पहिलें पान वाचून पुस्तक कसें संपलें, तें कोणाला कळलें आहे काय? पत्र उद्यां लिही. आधीं शेवटचें पान पाहूं.”

वाचकहो, या एका वाक्यांत आजच्या लेखाचें सार आहे. तें शेवटचें पान कोठें असतें व कसें मिळतें, हें आतां क्रमानें सांगतों.

पहिली पायरी प्रथम खबरीची. बोलीभाषेंत हिला एफ.आय.आर. म्हणतात. दखलपात्र गुन्ह्याची जी माहिती पोलिसांस प्रथम मिळाली, तिची ही नोंद. तींत फिर्यादीचें म्हणणें असतें. तें खरें कीं खोटें, याचा तपास तेथून पुढें सुरू होतो. फिर्याद देणाऱ्यास आणि ज्यास इजा पोंचली त्यास तिची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे, असें नव्या नागरिक सुरक्षा संहितेचें १७३ वें कलम सांगतें. सर्वोच्च न्यायालयानें ७ सप्टेंबर २०१६ रोजीं यूथ बार असोसिएशनच्या अर्जावर निकाल देतांना अशी आज्ञा केली कीं, प्रत्येक प्रथम खबर चोवीस तासांच्या आंत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवावी. दुर्गम जागीं ही मुदत फार तर बहात्तर तासांपर्यंत वाढावी. लैंगिक अत्याचार, दहशतवाद व तत्सम नाजूक प्रकरणें मात्र तींतून वगळलीं आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणें व तारखा घातल्या असतां या खबरी घरबसल्या पाहतां येतात. आप्तानें धाडलेला कागद तेथूनच आला होता. म्हणजे कागद खोटा नव्हता, अपुरा होता.

दुसरी पायरी न्यायालयाच्या नोंदवहीची. ई-कोर्ट्स या नांवाचें जें सरकारी संकेतस्थळ आहे, त्यावर राज्य, जिल्हा व न्यायालय निवडून पक्षकाराच्या नांवानें, खटल्याच्या क्रमांकानें किंवा प्रथम खबरीच्या क्रमांकानें शोध घेतां येतो. प्रत्येक खटल्यास सोळा अक्षर-अंकांची एक खूण दिलेली असते. ती एकदां टिपून घेतली म्हणजे पुढें नांव शोधीत बसावें लागत नाहीं. खटला चालू आहे कीं निकालांत निघाला, पुढील तारीख कोणती, हें तेथें दिसतें, आणि पुष्कळदां निकालपत्रही वाचावयास मिळतें. यास पैसा पडत नाहीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. नांवानें शोध घेणें हें दुधारी शस्त्र आहे. आपल्याकडे एका गांवांत एकाच आडनांवाचीं पन्नास घरें असतात, आणि आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल सर्वत्र आहे. वडिलांचें नांव, वय व गांव हीं तिन्ही जुळल्याखेरीज “हाच तो” असें म्हणणें म्हणजे परक्याचें पाप निरपराध्याच्या माथीं मारणें होय.

तिसरी पायरी प्रमाणित नकलेची, आणि खरी ती हीच. सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा ज्यास हक्क आहे, त्यास फी भरून त्याची प्रमाणित नक्कल मिळावी, हें तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यांत होतें. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ७५ व्या कलमांतही तें कायम आहे. फौजदारी निकालाची नक्कल आरोपीस मिळते, तसाच निकालाचा ज्याच्यावर परिणाम होतो, त्यासही ती फी भरून मागतां येते. अगदीं तिऱ्हाइतास हवी असेल, तर उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणें कारण नमूद करून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. अर्ज ज्या न्यायालयांत खटला चालला, तेथल्या नक्कल विभागांत करावयाचा. खटल्याचा क्रमांक, वर्ष, पक्षकारांचीं नांवें आणि निकालाची तारीख अर्जांत स्पष्ट असावी. त्यावर ठरलेलें कोर्ट फीचें तिकीट लावावें. कित्येकांस वाटतें कीं, माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला म्हणजे सर्व दारें उघडतात. तें खरें नाहीं. न्यायालयाच्या नियमांत नक्कल मिळण्याची सोय असतां त्याच नियमांनीं ती मागावी, असें सर्वोच्च न्यायालयानें ४ मार्च २०२० रोजीं गुजरात उच्च न्यायालयासंबंधींच्या प्रकरणांत स्पष्ट केलें आहे.

चंदगडकरांपुरती एक गोष्ट अधिक. हा तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगांव जिल्ह्यांत होता. राज्यपुनर्रचनेंत बेळगांव जिल्हा म्हैसूर राज्याकडे गेला, आणि चंदगड तेवढें मुंबई राज्यांत राहून कोल्हापुरास जोडलें गेलें. तेव्हां आजोबा-पणजोबांच्या काळचा एखादा निकाल शोधावयाचा झाल्यास कोल्हापुराबरोबर बेळगांवींही चौकशी करावी. अर्थात् जुन्या खटल्यांचे पुष्कळसे कागद ठराविक मुदतीनंतर नष्ट केले जातात, हेंही ध्यानांत असूं द्यावें.

चौथी पायरी अपिलाची. खालच्या न्यायालयानें शिक्षा दिली, पण वरच्यानें ती रद्द केली, किंवा याच्या उलट झालें, असें नेहमीं घडतें. म्हणून हातीं आलेल्या निकालावर अपील झालें होतें काय, हें विचारल्याविना शेवटचें पान उलटलें असें समजूं नये. मुंबई उच्च न्यायालयाचें फिरतें खंडपीठ १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरांत बसूं लागल्यानें या भागांतील लोकांची मुंबईची वारी पुष्कळ वांचली आहे.

आतां कोणी विचारील, एवढा खटाटोप हवा कशाला? सरकारनें प्रत्येकाचें पूर्ववृत्त एका ठिकाणीं मांडून सर्वांस खुलें कां करूं नये? अमेरिकेंतील कांहीं राज्यांत जवळजवळ तशी स्थिति आहे. विस्कॉन्सिन राज्यांत न्यायालयीन नोंदी नांवानें फुकट पाहतां येतात. फ्लॉरिडांत फी भरून कोणीही कोणाचें गुन्हेगारी पूर्ववृत्त राज्याच्या पोलिस खात्याकडून मागवूं शकतो. परंतु त्याचे चटके बसल्यानें तेथेंही बांध घालावे लागले. चौकशीचे अहवाल विकणाऱ्या संस्थांनीं सात वर्षांपलीकडच्या, शिक्षेविना संपलेल्या अटकेचा उल्लेख सामान्यतः करूं नये, असें त्यांच्या १९७० च्या कायद्याचें सांगणें आहे. शिक्षेच्या नोंदीस मात्र अशी मुदत नाहीं. ज्यांचीं मुलें परदेशीं घर भाड्यानें घेतात व नोकरी शोधतात, त्यांनीं हें जाणून असावें. आपल्याकडे परदेशीं जाणाऱ्यानें स्वतःविषयींचा दाखला पारपत्र कार्यालयांतून स्वतःच मागावयाचा असतो. शेजाऱ्याचा दाखला शेजाऱ्यास मिळत नाहीं, आणि हें योग्यच आहे.

कांहीं दारें तर कायद्यानें मुद्दाम बंद ठेविलीं आहेत. लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणें हा स्वतंत्र गुन्हा आहे. अल्पवयीन मुलाचें प्रकरण मिटल्यावर त्याची नोंद चारित्र्याच्या दाखल्यासाठींही पोलिसांनीं देऊं नये, असें २०१५ च्या बालन्याय कायद्याचें ७४ वें कलम सांगतें. कोंवळ्या वयांतील चूक जन्मभर कपाळीं राहूं नये, हा त्यांतील दयाभाव. उलटपक्षीं, जो लोकांचें मत मागावयास येतो त्याचें पूर्ववृत्त लोकांस कळलेंच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २००२ च्या निकालापासून संसदेच्या व विधानसभेच्या उमेदवारांस आपल्यावरील खटल्यांची माहिती शपथपत्रांत द्यावी लागते, आणि तें शपथपत्र कोणालाही पाहतां येतें. जांवई निवडतांना आपण जी चौकशी करतों, तिच्या चौथाईनें तरी तीं शपथपत्रें वाचलीं, तर देशाचें कल्याण होईल!

असो. चंदगडच्या त्या घराकडे वळूं. आत्याबाईंनीं ई-कोर्ट्सवर खटला शोधला. तो निकालांत निघाला होता, एवढेंच कळलें. निकालपत्र तेथें नव्हतें. तेव्हां त्यांनीं आडवाटेनें न जातां मुलालाच बोलावून घेतलें व शांतपणें विचारलें. त्याचा चेहरा उतरला; पण त्यानें कांहीं नाकारलें नाहीं. दुसऱ्याच दिवशीं त्यानें नकलेसाठीं अर्ज केला, आणि कांहीं दिवसांनीं शिक्क्याची नक्कल शिक्षकांच्या हातीं ठेविली. चुलत्यांच्या भांडणांत घरांतील सर्व पुरुषांचीं नांवें फिर्यादींत गोंविलीं गेलीं होतीं. पुढें चुलत्यांनीं आपसांत तडजोड केली, न्यायालयानें ती मान्य केली, आणि सर्व आरोपी सुटले. ज्या गुन्ह्यांत तडजोडीस कायद्याची मुभा आहे, त्यांत तिचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच होतो.

शिक्षकमहाशयांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. कन्येनें टाकला नाहीं. ती सर्वांसमक्ष त्याला म्हणाली, “न्यायालयानें तुम्हांला सोडलें, तें मी वाचलें. पण हें मला तुमच्या तोंडून कळायला हवें होतें. त्या दिवशीं तुम्ही हात उगारला होता कीं नाहीं, हें या कागदांत कोठेंच नाहीं.” बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग तो म्हणाला, “काकांचा हात धरला होता. त्यांना ढकललेंही. त्याची लाज वाटते, म्हणून बोललों नाहीं.” मुलीनें विचारास दोन महिने मागितले. दोन्ही घरांनीं ते दिले. आमंत्रणपत्रिका छापण्याचें काम थांबलें, नातलगांत कुजबुज झाली, पण ती सहन करण्याचें धैर्य शिक्षकांनीं दाखविलें. मार्गशीर्षांत विवाह झाला. सप्तपदीच्या वेळीं ते चुलते वराच्या मागेंच उभे होते.

प्रथम खबर संशय सांगते, निकालपत्र कायद्यानें काय ठरविलें तें सांगतें, आणि यापलीकडचें माणसालाच विचारावें लागतें. यांतील एकही पायरी गाळून जो निर्णय घेतो, तो स्वतःसही फसवितो व दुसऱ्यासही दुखवितो. नक्कल हातीं येण्यास चार दिवस लागतील, तिकिटास चार पैसे पडतील. पण एखाद्याच्या चारित्र्याचा निवाडा आपल्या माजघरांत होणार असेल, तर एवढा वेळ व एवढा खर्च त्याला आपण देणें लागतों. यापुढें असा एखादा कागद आपल्या हातीं आला, तर तो पुढें धाडण्यापूर्वीं आत्याबाईंचें तें वाक्य आठवावें, इतकीच विनंति.