एक पडदा, दोन संगणक

घरात दोन संगणक असणे ही आता श्रीमंतीची खूण राहिलेली नाही. २०२० च्या टाळेबंदीत अनेक कचेऱ्यांनी आपले काम कर्मचाऱ्यांच्या घरी पाठविले, शाळांचे वर्गही काही काळ घरीच भरले. आणि त्या वेळी लागलेली सवय पुष्कळ कुटुंबांत पुढेही टिकून राहिली. त्यामुळे कचेरीने दिलेला एक लॅपटॉप आणि मुलाबाळांसाठी घेतलेला एक संगणक अशी जोडी एकाच टेबलावर नांदताना दिसते. संगणक दोन झाले. पण खोली वाढली नाही आणि टेबलही वाढले नाही. दोन मॉनिटर, दोन कीबोर्ड आणि दोन माउस ठेवावयाचे कोठे? आणि संच एकच ठेवावा, तर दररोज तारा काढावयाच्या नि पुन्हा खोवावयाच्या, हा उपद्व्याप कोणी करावयाचा?

या अडचणीवर 'के.व्ही.एम. स्विच' नावाची एक लहानशी पेटी बाजारात मिळते. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तीन शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव पडले आहे. पेटीच्या एका अंगास दोन्ही संगणक जोडावयाचे, दुसऱ्या अंगास मॉनिटर, कीबोर्ड व माउस. मग बटन दाबताच हा सारा संच एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातो. कल्पना सोपी आहे. परंतु दुकानातील किंवा जाहिरातीतील सर्व पेट्या दिसावयास सारख्या असल्या, तरी गुणाने सारख्या नसतात. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी पुढील गोष्टींचा विचार वाचकांनी अवश्य करावा.

पहिला प्रश्न असा, की ही पेटी आपणांस खरोखरच हवी आहे काय? बहुतेक मॉनिटरांना चित्र घेण्याची दोन तरी भोके असतात, आणि कोणत्या भोकातील चित्र दाखवावयाचे ते मॉनिटरच्याच बटनाने ठरविता येते. असा मॉनिटर घरी असेल, तर दोन्ही संगणक त्यास थेट जोडावेत व कीबोर्ड-माउसपुरता केवळ यू.एस.बी. स्विच घ्यावा. तो स्वस्त पडतो, आणि चित्र त्यातून जातच नसल्यामुळे चित्राच्या तक्रारीही उद्भवत नाहीत. एकाऐवजी दोन बटने दाबावी लागतात, एवढाच काय तो तोटा. काही मॉनिटरांत तर ही सारी सोय आतच बसविलेली असते; तेव्हा आपल्या मॉनिटरची माहितीपुस्तिका एकदा उघडून पाहिलेली बरी. एकच कीबोर्ड-माउस दोन संगणकांवर चालविणाऱ्या संगणक-प्रणालीही आहेत. मात्र त्यांनी मॉनिटरची वाटणी होत नाही, आणि कचेरीच्या यंत्रावर त्या बसविण्याची मुभा बहुधा नसते.

पेटीच घ्यावयाची असे ठरले, म्हणजे प्रथम भोके पाहावीत. दोन्ही संगणकांचे व मॉनिटरचे भोक एच.डी.एम.आय. आहे, डिस्प्लेपोर्ट आहे की यू.एस.बी.-सी, याची कागदावर नोंद करावी. यू.एस.बी.-सी भोक असले म्हणजे त्यातून चित्र निघतेच, असे समजू नये. काही लॅपटॉपांत त्याचा उपयोग केवळ वीज व माहिती यांसाठी असतो. तसेच डिस्प्लेपोर्टमधून निघून एच.डी.एम.आय.मध्ये जाणारी साधी तार उलट दिशेने चालत नाही. हे ध्यानात न आल्यामुळे नवी पेटी बिघडलेली आहे असे वाटून ती परत करण्याची पाळी येते.

दुसरी गोष्ट चित्राच्या बारकाव्याची. साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात; ज्यास '४ के' म्हणतात त्यावर ३८४० आणि २१६०, म्हणजे बरोबर चौपट. एवढे ठिपके एका सेकंदात ६० वेळा पाठवावयाचे, तर पेटीचीही तेवढी ऐपत हवी. एच.डी.एम.आय. १.४ या जुन्या मानकाची पेटी ४ के चित्र सेकंदास ३० वेळाच देऊ शकते; अशा पडद्यावर माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा भासतो. ६० वेळांसाठी एच.डी.एम.आय. २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ अथवा त्यापुढील मानक पाहावे. जाहिरातीत नुसते '४ के' एवढेच छापलेले असेल, तर पुढचा आकडा विचारल्यावाचून राहू नये. उलट, घरचा मॉनिटर साधा असेल आणि तो बदलण्याचा विचारही नसेल, तर महागड्या पेटीवर खर्च करण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट थोडी सूक्ष्म, परंतु रोजच्या त्रासाची आहे. प्रत्येक मॉनिटर संगणकास आपले एक ओळखपत्र सादर करतो: माझा आकार अमुक, ठिपके अमुक. बटन दाबून मॉनिटर दुसरीकडे नेला, की पहिल्या संगणकास तो नाहीसा झालेला वाटतो. मग उघडून ठेवलेल्या खिडक्या तो लॅपटॉपच्या लहान पडद्यावर कोंबतो, आणि परत यावे तो सारी मांडणी विस्कटलेली! चांगल्या पेटीत हे ओळखपत्र सतत पुढे धरून ठेवण्याची योजना असते. तिला 'ई.डी.आय.डी. एम्युलेशन' असे नाव आहे. दिवसातून दहा वेळा बटन दाबणाऱ्याने या सोयीसाठी थोडे अधिक पैसे द्यावेत. दिवसातून एकदाच दाबणाऱ्यास तिची फारशी गरज नाही.

कीबोर्डाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. अनेक पेट्यांत 'स्क्रोल लॉक' ही कळ दोनदा दाबून संगणक बदलता येतो. पण लहान कीबोर्डावर ही कळच नसते. पेटी टेबलामागे लपवावयाची असेल, तर तारेच्या टोकाशी वेगळे बटन असलेली पसंत करावी. बिनतारी कीबोर्डाचा ग्राहक-तुकडा शक्यतो यू.एस.बी. २.० भोकात बसवावा, कारण ३.० च्या भोकाशेजारी त्याच्या संदेशात व्यत्यय येऊ शकतो. मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की कीबोर्ड केवळ कोणती कळ दाबली एवढेच कळवितो. तिचे अक्षर संगणक ठरवितो. म्हणून इनस्क्रिप्ट किंवा आपल्या सवयीची अन्य मांडणी दोन्ही संगणकांवर स्वतंत्रपणे बसवावी लागते.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. कित्येक पेट्यांना कॅमेरा, मुद्रक किंवा पेन ड्राइव्ह जोडण्याची जादा भोके असतात. बटन दाबताच या वस्तूही दुसऱ्या संगणकाकडे जातात. सभा चालू असता बटन दाबले, तर कॅमेरा मध्येच बंद पडेल. तेवढ्याने फारसे बिघडत नाही. परंतु पेन ड्राइव्हवर काही लिहिले जात असता बटन दाबले, तर लिहिलेला मजकूर नष्ट होऊ शकतो. मुलीचा वर्षाचा प्रकल्प किंवा घरातील छायाचित्रे अशा एका क्षणात जातात. शिवाय, कचेरीच्या कागदपत्रांचा पेन ड्राइव्ह पेटीत राहिला, तर तो मुलांच्या संगणकावर सहज उघडेल. म्हणून साठवणुकीची कोणतीही वस्तू या सामाईक पेटीस लावू नये, हा नियम घरातील लहानथोर सर्वांनी पाळावा. कचेरीच्या लॅपटॉपला बाहेरचे उपकरण जोडण्यापूर्वी तेथील संगणक विभागाची परवानगी घ्यावी. काही संस्था त्यास स्पष्ट मनाई करतात, आणि पेटीच्या सोयीपेक्षा नोकरीचे मोल अधिक आहे.

खरेदीच्या वेळी तारा पेटीबरोबर मिळतात की वेगळ्या घ्याव्या लागतात, ते विचारावे. त्या लांबलचक घेऊ नयेत. स्वतंत्र वीज-अ‍ॅडॉप्टर असेल, तर त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह पाहावे. पावती जपून ठेवावी आणि परत करण्याची मुदत संपण्याच्या आत दोन्ही संगणकांवर पेटी वापरून पाहावी. झोपलेला संगणक कीबोर्डाने जागा होतो की नाही, याची परीक्षाही त्याच वेळी घ्यावी. विक्रेता दाद देत नसेल, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करता येते.

एक गोष्ट मात्र कोणतीही पेटी करू शकत नाही. एका वेळी मॉनिटर एकाच संगणकाचा असतो, आणि म्हणून एकाच माणसाचा. आईची सभा आणि मुलाची परीक्षा एकाच घटकेस आली, तर पाळी कोणाची, हे घरातल्यांनी आधीच बसून ठरवावयास हवे. दिवसाचे वेळापत्रक कागदावर लिहून टेबलासमोरच्या भिंतीवर लावावे. मग बटन कोणी केव्हा दाबावे, यावरून घरात वाद होणार नाहीत.