ग्रंथपालाचा उलट प्रश्न

ग्रंथपाल म्हणजे कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा गृहस्थ, अशी समजूत आपल्या समाजांत अजून दृढ आहे. अमेरिकेंतील वूस्टर शहराचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनीं १८७६ सालींच तिचा निरास केला होता. वाचकाच्या अडचणींत ग्रंथपालानें जातीनें साह्य करावें, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढें यासच संदर्भसेवा हें नांव पडलें. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं जे पांच नियम ग्रंथरूपानें मांडले, त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वांचविण्याविषयींच आहे.

आतां हा साह्यकर्ता पडद्याआड गेला आहे. १९८४ सालीं बाल्टिमोर येथील मेरीलँड विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयानें ई-मेलनें प्रश्न घेण्यास आरंभ केला. २००२ सालीं अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयानें ओसीएलसी या संस्थेसह ‘क्वेश्चनपॉइंट’ योजना काढली, व एका ग्रंथालयास न सुटलेला प्रश्न दुसऱ्याकडे जाऊं लागला. २०२० सालच्या महामारींत दारें बंद असतां अनेक विद्यापीठांचें हें काम पडद्यावरूनच चाललें.

ही सेवा परिणामकारक आहे काय? कित्येक जण उत्तर किती क्षणांत आलें, एवढेंच पाहून निकाल देतात. हें माप आम्हांस अपुरें वाटतें. हर्नन व मॅक्क्लूर या अभ्यासकांनीं अमेरिकेंतील ग्रंथालयांची गुप्तपणें परीक्षा घेतली असतां सुमारें ५५ टक्केच उत्तरें बरोबर ठरलीं, असें त्यांनीं १९८६ सालीं लिहिलें. त्या काळीं तर ग्रंथपाल समोर अथवा टेलिफोनवर असे! तेव्हां सारा दोष पडद्याच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे.

समजा, एका विद्यार्थ्यानें लिहिलें, “दुष्काळाविषयीं माहिती पाहिजे.” घाईचा ग्रंथपाल तत्काळ पंधरा पुस्तकांची यादी धाडील. जाणता ग्रंथपाल विचारील: कोणता दुष्काळ? कोणता जिल्हा? आजवर काय वाचलें? तीन-चार प्रश्नोत्तरांनंतर निघेल कीं, मुलास १८७६-७८ च्या दुष्काळांतील सोलापूरची हकीगत हवी आहे. मग त्यास थेट १८८४ सालच्या सोलापूर गॅझेटियराकडे नेतां येईल. विचारणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा खरा प्रश्न नसतो, हें रॉबर्ट टेलर यांनीं १९६८ सालीं दाखविलें. पडद्यावर मुद्रा दिसत नाहीं, म्हणून तेथें उलट प्रश्नाची गरज अधिकच. (लाजाळू मुलांस मात्र मुद्रा न दिसणें सोयीचेंच, टेबलाशीं उभें राहून अज्ञान उघड करण्याचें धैर्य आमच्याही अंगीं नव्हतें.)

अलीकडे यंत्रच उत्तरें देऊं लागलें आहे. साध्या चौकशीस, जसें ग्रंथालय केव्हां उघडतें, तें पुरेसें आहे. पण तें कित्येकदां अस्तित्वांतच नसलेल्या ग्रंथांचीं नांवें निःशंकपणें सांगतें, व भोळा विद्यार्थी तीं निबंधाखालीं उतरून घेतो. काटकसरीच्या नांवाखालीं संदर्भ-ग्रंथपालाची जागा रिकामी ठेवून तेथें यंत्र बसवावें, या विचारास आमचा स्पष्ट विरोध आहे. त्यांत वांचतो तो पैसा. वाचकाचा वेळ नव्हे.

आमचे कांहीं विद्यार्थी लवकरच महाविद्यालयांत जातील. त्यांनीं प्रश्न लिहितांना आपला वर्ग, पाहिलेलीं पुस्तकें व निबंधाची मुदत हीं आरंभींच कळवावींत. आणि पालकांनीं प्रवेशाच्या वेळीं वसतिगृहाची व फीची चौकशी करितांना, सायंकाळीं दूरून विचारलेल्या प्रश्नास उत्तर देणारा ग्रंथपाल तेथें आहे काय, हेंही विचारून घ्यावें.